नव्वद रात्री, दोन-दोन माणसं

आई गेली त्याला चाळीस दिवस झाले होते आणि निवारा उघडायला सतरा दिवस उरले होते. मी घर आवरायला म्हणून थांबले होते, पण बसायचे ती निवाऱ्याचे फोन घेत. यंदा गाद्या कधी टाकायच्या? पाव तीस जणांचाच ना? "आईला विचारून सांगते," असं एकदा माझ्या तोंडून निघूनही गेलं. पलीकडे बेकरीवाला होता. तो "बरं, विचार," म्हणाला, आणि मग आम्हा दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

निवारा म्हणजे बंद पडलेल्या शाळेचा हॉल. त्या शाळेत आई तीस वर्षं क्लार्क होती. शाळा बंद झाली तेव्हा हॉलची किल्ली परत मागायची कुणाला आठवण झाली नाही आणि तिनेही ती करून दिली नाही. तेव्हापासून दर हिवाळ्यात तीन महिने, रस्त्यावर झोपणाऱ्या तीस माणसांना तिथे खाट, गरम सूप आणि सकाळचा चहा मिळतो. नगरपालिका अनुदान देते, पण तिच्या अटी कडक आहेत. रोज रात्री दोन जबाबदार माणसं हजर हवीत, वहीत त्यांच्या सह्या हव्यात, आणि एका माणसाने आठवड्यात दोनपेक्षा जास्त रात्री करायच्या नाहीत, कारण पेंगणाऱ्या माणसाचा काही उपयोग नसतो. नव्वद रात्रींची यादी आधी द्यायची. यादी नाही तर अनुदान नाही, अनुदान नाही तर हीटर नाहीत, आणि हीटरशिवाय तो हॉल म्हणजे नुसतं छप्पर. यंदाच्या पत्रात आणखी एक ओळ होती: यादीतल्या प्रत्येकाला कार्यालयातून फोन करून खात्री केली जाईल.

मुदत शुक्रवारची होती. आज सोमवार होता.

दादाचं म्हणणं स्पष्ट होतं. आईने बारा वर्षं केलं, पुष्कळ झालं. आता किल्ली नगरपालिकेच्या टेबलावर ठेव आणि मोकळी हो. त्या हॉलने तिला खाल्लं, असंही तो म्हणाला. मी वाद घातला नाही. तिचं हृदय कशाने थकलं हे डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नव्हतं. शुक्रवारपर्यंत बघते, एवढंच म्हटलं.

काम अवघड वाटत नव्हतं. आईच्या वहीत गेल्या हिवाळ्याची पंधरा नावं होती, प्रत्येकाच्या ठरलेल्या रात्री होत्या, समोर सह्या आणि शेवटच्या रकान्यात आईच्या अक्षरात शेरे. मी छापण्याआधी पुस्तकांची मुद्रितं तपासते. ओळीवरून बोट फिरवत जाणं हा माझा रोजचाच धंदा. फोन करायचे, होकार घ्यायचा, पुढचं नाव.

पहिला फोन निवृत्त पोस्टमनकाकांना केला. ते प्रेमाने बोलले, आईबद्दल बोलले, मग म्हणाले की गुडघ्यामुळे ते चार वर्षांत हॉलकडे फिरकलेच नाहीत. वहीत मात्र गेल्या हिवाळ्यातल्या त्यांच्या चोवीस सह्या माझ्या बोटाखाली होत्या. वय झालं, विसरले असतील, असं मी स्वतःला सांगितलं. दुसरा फोन सुतारकाकांच्या घरी. त्यांच्या बायकोने उचलला. सुतारकाका जाऊन दोन वर्षं झाली होती. वहीप्रमाणे त्यांनी गेल्या जानेवारीत खिडकी दुरुस्त केली होती.

मी वही उचलली आणि शाळेमागच्या लाँड्रीत गेले.

निवाऱ्याच्या चादरी पहिल्यापासून तिथेच धुतल्या जातात. लाँड्रीवाल्या मावशी आईच्या मैत्रीण. यादीत त्यांचंही नाव होतं. त्या चादरींच्या घड्या घालत होत्या. वही बघितली आणि त्यांनी एक टोक माझ्या हातात दिलं. घडी घालता घालता सगळं सांगितलं, अगदी सहज, कुठला डाग कशाने निघतो हे सांगावं तसं. पंधरांपैकी खरी माणसं पाच: आई, त्या स्वतः, शाळेतल्या दोन जुन्या बाई, आणि गुरुवारचे औषधवाले. बाकीचे एकेक करून गळाले. कुणाचा गुडघा, कुणाची नातवंडं, कुणाचा नुसताच कंटाळा. आईने कुणाला धरून ठेवलं नाही. त्यांच्या जागी ती स्वतः थांबायची आणि सकाळी सह्या करून टाकायची.

"म्हणजे बहुतेक रात्री तुम्ही दोघीच?"

"आठवड्यातल्या दोन कायद्याच्या, बाकीच्या बेकायदा." मावशींनी चादर झटकली. "पेनांचा डबा घेऊन बसायची आणि म्हणायची, चला, आज मी कोण होऊ? सुतार तर मेल्यावर फारच नियमित झाला होता बघ."

मला हसू आलं आणि मग ते आवरेना. मावशी थांबून राहिल्या. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुझं पान बघितलंस का?"

मी बघितलं नव्हतं. यादीत स्वतःचं नाव कोण शोधतं? जानेवारीतले सगळे मंगळवार, सलग तीन हिवाळे, माझे होते. सही माझ्या सहीसारखी नव्हती. शाळेत असताना मी नाव जसं गोल गोल लिहायचे, तशी होती. समोर शेरे होते. *मुलीने सगळ्या चादरी बदलल्या. खिडकीजवळच्या आजोबांना रात्रभर खोकला, मुलगी उशाशी बसून होती. मुलीने आज मला झोपू दिलं.*

दर हिवाळ्यात आई फोनवर विचारायची, येतेस का एखाद्या मंगळवारी. मी म्हणायचे, काम आहे गं. ती म्हणायची, बरं. त्या 'बरं'मध्ये मला कधी काही ऐकू आलं नव्हतं.

पान उलटलं तर दादाही होता, चार शनिवार. *मुलगा उशिरा आला. आल्यावर भांडी घासली.* खोट्या हजेरीतसुद्धा तिने त्याला वेळेवर आणलं नव्हतं.

मावशी म्हणाल्या की पेनं अजून डब्यात आहेत. मी आईच्या जागी उभी राहिले तर आम्ही दोघी हा हिवाळा ओढून नेऊ. कार्यालयातून फोन आले तर लोक आईच्या आठवणीखातर हो म्हणतील. मी विचार केला नाही असं नाही. पण तीस झोपलेली माणसं, त्यांच्यात साठीच्या दोन दमलेल्या बायका, आणि वर्षानुवर्षं कुणालाही खबर नाही, हे चित्र मला दिसायला लागलं होतं. त्या दोघींमधली एक आता नव्हती.

"नाही मावशी," मी म्हटलं. "खरी माणसं आणते."

"कुठून?"

"इथूनच." मी वही काखेत मारली.

मंगळवारी सकाळी पोस्टमनकाकांकडे गेले. त्यांच्याकडे मी काही मागितलं नाही. त्यांच्या रात्री काढून वही समोर ठेवली. त्यांनी चष्मा लावला, एकेक शेरा वाचला. एका ठिकाणी बोट थांबलं: पोस्टमनकाकांनी आज ज्यांना लिहिता येत नाही त्यांची पत्रं लिहून दिली.

"हे मी कधी केलं नाही."

"माहीत आहे, काका."

"कल्पना मात्र वाईट नाही." ते पुन्हा वाचत राहिले. "हॉलला पायऱ्या किती गं?"

"पाच."

"आणि गेल्या वर्षी मी त्या चढलो म्हणतेस."

"चोवीस वेळा."

"मग गुडघ्याला सवय असणार," म्हणाले, आणि यादी पुढे ओढून घेतली.

सगळीकडे असं झालं नाही. एकांनी दार उघडं धरूनच वाचलं आणि शुभेच्छा देऊन लावून घेतलं. एक बाई रडल्या, खूप रडल्या, आणि एकही रात्र दिली नाही. सुतारकाकूंनी खिडकीच्या ओळीवर हात ठेवला आणि बराच वेळ तो उचलला नाही. मग विचारलं की ती खिडकी खरंच नीट लागते का. मी सांगितलं की लागत नाही, वारा येतो. त्या म्हणाल्या की हत्यारं घरात पडून आहेत, भाचा सुतारकाम करतो, आणि ह्यांच्या रात्री मीच करीन. दादाला मी फोनवर त्याचे चार शनिवार वाचून दाखवले. त्यावर तो, आईने निदान भांडी तरी दुसऱ्या कुणाला घासायला लावायची होती, असं म्हणाला आणि चारही शनिवार घेतले. फक्त याच वर्षी, हे दोनदा बजावलं.

गुरुवारी दुपारपर्यंत यादी भरली. माझ्या स्वतःच्या आठवड्याला दोन रात्री मी धरल्या होत्या, मंगळवार आणि गुरुवार. उरले होते औषधवाले काका. ते खरेच यायचे, तेरापैकी तेरा गुरुवार. त्यांना वही दाखवायची गरज नव्हती. पण सगळ्यांना दाखवली आणि जो खरा होता त्यालाच अंधारात ठेवलं, हे मला पटेना.

त्यांनी दुकानाच्या काउंटरवर उभ्याउभ्याच वाचलं. गुरुवारी त्यांच्याबरोबर आई असायची, पण तिच्या आठवड्यातल्या दोन रात्री तोवर संपलेल्या असायच्या. दुसरी सही नंतर घेते, असं ती त्यांना सांगायची. त्यांच्या तेरा सह्यांच्या शेजारी सुताराच्या तेरा सह्या होत्या.

"मी चाळीस वर्षं चिठ्ठीशिवाय गोळी दिली नाही," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "माझ्या नावाशेजारी मेलेला माणूस उभा केला हिने. आणि मला कळवलं नाही."

आईचा हेतू काय होता वगैरे मी बोलायला लागले. त्यांनी हात वर केला. यंदा ते येणार नव्हते, आणि कार्यालयाला पत्र लिहिणार होते.

शुक्रवारी कार्यालय उघडलं तेव्हा मी दारातच होते. त्यांच्या पत्राआधी मला पोचायचं होतं. अनुदान बघणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या, नाकापर्यंत मफलर. त्यांच्याच खोलीतला हीटर बंद होता. मी यंदाची यादी दिली आणि तिच्याशेजारी जुनी वही ठेवली. मग जे होतं ते सगळं सांगितलं, सुतारासकट.

त्यांनी विचारलं, मी काय सांगते आहे ते मला कळतंय का.

"कळतंय. कारवाई करायची तर जिच्यावर करायची ती नाही. पण अनुदान ज्यांना लागतं ती तीस माणसं अजून आहेत."

त्या वही चाळत राहिल्या. मुलगा उशिरा आला, इथे त्यांचा मफलर हलला. माझ्या पानावर त्या जरा जास्त थांबल्या, मग यंदाच्या यादीतली माझी सही बघितली आणि वही मिटली. समोर बसून त्यांनी पाच जणांना फोन लावले. पोस्टमनकाकांनी त्यांना पायऱ्यांची संख्याही सांगितली.

निर्णय त्यांनी लिहूनच दिला. एकशे ऐंशी जागांपैकी तेरा रिकाम्या होत्या, सगळ्या गुरुवारच्या. एका माणसावर हॉल उघडता येणार नाही. पहिल्या तारखेपर्यंत दुसरं माणूस मिळालं नाही तर निवारा गुरुवारी बंद, बाकी दिवस मंजूर. शिवाय यादीबाहेरच्या कुणीतरी आठवड्यातून एकदा न सांगता येऊन माणसं मोजायची आणि वहीवर तशी नोंद करायची. असा माणूस मी सुचवावा.

बाहेर पडल्यावर मला एकच गोष्ट दिसत होती: दर गुरुवारी संध्याकाळी पाच पायऱ्यांवर उभी तीस माणसं आणि आत मी, कुलूप लावून. मी सरळ औषधांच्या दुकानात गेले.

पत्र लिहून तयार होतं, पाकिटात, तिकीट लावलेलं. मी सांगितलं की त्याची आता गरज नाही, सगळं मीच सांगून आले आहे. त्यांनी पाकीट उचललं नाही आणि फाडलंही नाही. मी मंजुरीचा कागद पुढे सरकवला. त्यांनी तो औषधाच्या चिठ्ठीसारखा वाचला, वरून खाली, तारीख आणि शिक्क्यासकट.

"मोजणारा माणूस म्हणून तुम्ही हवे आहात," मी म्हटलं.

"मी वहीवर विश्वास ठेवणार नाही. खाटेखाटेपाशी जाऊन बघीन."

"म्हणूनच तुम्ही."

"एक जरी सही खोटी दिसली तर त्याच दिवशी कार्यालयात जाईन. तुझी असली तरी."

"माझी असली तरी."

त्यांनी शर्टाच्या खिशातलं पेन काढलं आणि कागदावर आपलं नाव लिहिलं. मग म्हणाले की मोजणारा माणूस यादीबाहेरचा लागतो, तेव्हा गुरुवार त्यांना आता करता येणार नाही; तेरा रात्री रिकाम्याच राहिल्या. हे सांगताना त्यांचा चेहरा पहिल्यांदा जरा उतरला.

माझ्यामागे रांग झाली होती. पहिल्याच बाईंच्या हातात रिकामी बाटली होती, दुसऱ्या हातात छत्री, आणि आमचं बोलणं संपायची त्या वाट बघत होत्या. मी बाजूला झाले नाही. मागे वळले.

"ताई, तुम्ही गुरुवारी रात्री काय करता?"

औषधवाल्या काकांनी डोक्याला हात लावला. बाईंनी माझ्याकडे बघितलं, काउंटरवरच्या कागदाकडे बघितलं, बाटली खाली ठेवली.

"का?" त्या म्हणाल्या. "काय करावं लागतं?"

मी सांगायला लागले.