बावीतलं औषध

"सॅम्पलची बाटली धुता कुठे?" रुचिराने विचारलं.

"आमच्या बावीवर, या भिंतीपलीकडच्या घरच्या विहिरीवर. तीनदा," लिओनार्ड म्हणाला. त्याला वाटलं, आता शाबासकी.

मुलुंडच्या एका हॉस्पिटलमागे, सांडपाण्यातली औषधं विजेने मारणारं मशीन नुकतंच बसलं होतं. रुचिरा इंजिनिअर, लिओनार्ड ऑपरेटर. मशीनच्या पट्ट्यांना हिऱ्याचा मुलामा होता. हे कळल्यावर त्याची बायको हिल्डा चार दिवस बोलली नव्हती. लग्नाला तीस वर्षं झाली, आणि हिरे गटाराला.

तर मशीन झकास चालूनही साफ केलेल्या पाण्यात अंगदुखीचं औषध निघत होतं. रुचिराने बावीचं पाणी तपासायला नेलं. चौथ्या दिवशी मशीन निर्दोष सुटलं आणि बाव अडकली.

"हॉस्पिटलचं गटार वर्षानुवर्षं तुमच्या बावीत झिरपतंय, अंकल."

"तरीच आईचे गुडघे कधी दुखले नाहीत!"

"इतक्याशा औषधाने गुडघे बरे होत नाहीत."

तेवढीही सोय उरली नाही.

शनिवारी त्याच्या लेकीचं, व्हॅलेन्सियाचं, लग्नाआधीचं उंबराचं पाणी होतं. बायका वाजतगाजत बावीवर जाणार, हंडे भरणार, त्या पाण्याने नवरीला आंघोळ. घरातली प्रत्येक मुलगी त्याच पाण्याने नवरी झाली होती.

"मॅडम, दोन हंडे मशीनमधून काढले तर?"

"औषध मरेल. पण त्यात मीठ घालतो, क्लोरीन होतो. शिवाय टाकीत काल ऑपरेशन थिएटरचं पाणी होतं. मुलीला घालाल अंगावर?"

"मग बाव कधी साफ होणार?"

"मशीनला टाकीतलं पाणी लागतं, अंकल. जमिनीतलं कोण आणून घालणार?"

घरी सगळं ऐकून हिल्डा म्हणाली, "बोलू नको रे कुणाला. एका दिवसाचा तर प्रश्न."

"औषध पोचलं म्हणजे गटारही पोचलं गं."

हिल्डाने घासायला काढलेला हंडा बाजूला ठेवला. "पोरीला तू सांग," ती म्हणाली.

शनिवारी बँड बावीवर आला. बावीच्या तोंडाला जाळी, जाळीला कुलूप. कठड्यावर झेंडूची माळ घातलेला वीस लिटरचा विकतचा जार. त्याला वरून दाबायचा पंप. एका दाबाला पेलाभर पाणी. बायका नाचायच्या थांबल्या. बँडचं गाणं संपलं तरी हंडा भरेना, म्हणून त्यांनी तेच पुन्हा धरलं. सूट घातलेला लिओनार्ड वाकून दाबत राहिला.

अखेर म्हाताऱ्या रूथआत्याने हंड्यात बोट बुडवून जिभेला लावलं. सगळे तिच्याकडे बघत होते.

"गोड आहे हो आपली बाव," ती म्हणाली, आणि हंडा डोक्यावर घेतला.