चुलीभोवती फिरवलेली कोंबडी

कंपनीचा सुपरवायझर पोल्ट्रीच्या शेडातून बाहेर आला तेव्हा माझी कवडी कोंबडी त्याच्या मोटरसायकलीच्या सीटवर बसली होती. नुसती बसली नव्हती, आपलं कामही उरकून ठेवलं होतं.

त्यानं रुमालानं सीट पुसली. रागावला न्हाई, तेच मला आवडलं न्हाई. रागावणाऱ्या माणसाला उत्तर देता येतं.

"आजी, देशी कोंबडी इथं ठेवता येत नाही. एकीला मानमोडी झाली की शेडातलं एक पाखरू वाचायचं नाही. पुन्हा दिसली तर पुढची पिल्लं यायची नाहीत."

"बाबा, तुझी पाखरं हिच्या दारात आली. ही तुझ्या दारात आली न्हाई."

"खरं आहे. पण विजयभाऊंनी कबूल केलंय."

विजयकुमार माझा लेक. तो खाली बघत चपलेनं माती उकरत उभा होता, कोंबडीसारखाच.

मानमोडी मला ठाऊक आहे. एका उन्हाळ्यात माझं अख्खं खुराडं माना वाकड्या करून गेलं होतं. सुपरवायझर खोटं बोलत नव्हता. तेवढ्यानं माझं दुखणं कमी झालं न्हाई.

कवडीची आजी मी कुरुंद्याहून, माझ्या माहेराहून, मांडीवर घेऊन आणली होती. तेव्हापासून या कोंबड्यांना मी कधी दाणा विकत आणला न्हाई. खळ्यात सांडलेलं, उकिरड्यातले किडे, बैलाच्या अंगावरचे गोचीड, ताटातलं उष्टं, एवढ्यावर त्या अंडी देत, पिल्लं काढत, आणि पाहुणा आला की पातेल्यात जात. शेडातल्या बॉयलरचं तसं न्हाई. कंपनी पिल्लं देती, खाद्य देती. आमी शेड, पाणी, वीज आणि जीव देतो. आमच्या सेनगावकडचं सोयाबीन ट्रकनं जातं, पेंड होऊन गोणीतून परत येतं, तेव्हा कुठं ते पांढरं पाखरू चोच उघडतं. पंखा बंद पडला की धापा टाकतं.

जेवताना मी हेच बोलले.

"माणसानं टाकलेलं खाऊन मटण देती ती कोंबडी. माणसाच्या खाण्यातलं खाऊन देतं ते तुझं पाखरू. यातलं परवडणारं कोणतं?"

"माय, तुझी कोंबडी वाढायला सहा महिने लावती. हे पाखरू दीड महिन्यात तयार होतं. एका लग्नाला तुझं अख्खं खुराडं पुरायचं न्हाई. मग गावानं काय खावं?"

"गाव आधी काय खात होतं?"

"वरण," तो म्हणाला.

खरंच वरणच खात होतं.

मग तो ताटावरून हात उचलून म्हणाला, "शेतानं भागत न्हाई म्हणून शेड टाकलं. पुढची पिल्लं आली न्हाईत तर रिकाम्या शेडात मी काय करू, तूच सांग." त्याचा आवाज चढला असता तर मी दोन चढवले असते. तो चढला न्हाई.

मी कोंबड्या मलिकाला अर्धलीनं द्यायच्या ठरवल्या. अर्धल म्हणजे सांभाळायच्या तिनं, आणि पिल्लं निघाली की निम्मी तिची, निम्मी माझी. मलिका गावाच्या दुसऱ्या टोकाला राहती. तिच्या सासूनंही माझ्या कोंबड्या अशाच सांभाळल्या होत्या.

कोंबडी दुसऱ्याच्या घरी नेली की तिला चुलीभोवती फिरवायची असती, म्हणजे ती जुनं घर विसरती. मी कवडीला काखेत धरून, बाकीच्या बांबूच्या डालग्यात भरून मलिकाच्या स्वयंपाकघरात गेले. तिथं ओट्यावर गॅस, आणि ओटा भिंतीला टेकलेला.

"आता याच्याभोवती फिरू कशी? भिंत फोडतीस का?"

"मावशी, फिकर करू नका. अंगणात आंघोळीच्या पाण्याची चूल आहे."

"तिच्यावर भाकर होती का?"

"भाकर नाही होत. पण चूलच आहे ना?"

मग त्याच चुलीभोवती एकेकीला फिरवलं. मलिका हसत होती. मी मेलीला म्हटलं, हसू नको, कोंबडी ऐकती.

दिवेलागणीला सगळ्या परत आल्या. कवडी पुढं, बाकीच्या मागं. गावातली कुत्री चुकवत, आमच्या बंद खुराड्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मी डालग्यात भरून परत नेल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी हातात ढेकळं घेऊन दारात बसले. ढेकूळ फेकलं की थोड्या मागं सरत, मान वाकडी करून माझ्याकडं बघत, पुन्हा पुढं येत. मी शिव्या दिल्या. माझ्या शिव्यांना सुना घाबरल्या, सरपंच घाबरला, कोंबडी काहून घाबरंल? ती तर त्या ऐकतच अंड्यातून निघालेली.

विजयकुमार पायरीवर बसून बघत होता. "माय, परवा सुपरवायझर येणार हाये," एवढंच म्हणाला, आणि उठून शेडात गेला.

मी मलिकाला सांगितलं, "कोंडून ठेव."

"कोंडल्या तर चरणार कुठं, मावशी?"

ते मला कळत नव्हतं असं न्हाई. पण दुसरं काय सांगणार होते?

सुपरवायझर येऊन गेला. अंगण झाडलेलं, कोंबडीचं पीसही न्हाई. "छान ठेवलंय आजी," म्हणाला. पुढची पिल्लं आली.

बऱ्याच दिवसांनी मी मलिकाकडं गेले. कोंबड्या डालग्यांखाली होत्या. कवडीसमोर वाटी, आणि वाटीत पिवळट खाद्य. वास मी लांबूनच ओळखला. आमच्या शेडातल्या गोणीचाच तो.

"काय करू मावशी," मलिका म्हणाली, "कोंडलेल्या जनावराला दाणा तर पाहिजे. नाक्यावरून आणते."

मी कवडीवरचं डालगं उचललं. फाटक उघडं होतं, आमच्याकडची वाट समोर होती. मी तोंडानं आवाज काढला, घरी काढायचे तसाच. कवडीनं मान वर केली, माझ्याकडं बघितलं, आणि चोच परत वाटीत घातली.

"आता नाही येणार ती," मलिका हळू म्हणाली.

मी डालगं होतं तसं पालथं घातलं.

घरी आले तेव्हा दिवे लागत होते. जेवणं झाल्यावर ताटं गोळा केली, उष्ट्या भाकरीचा चुरा मुठीत घेतला आणि सवयीनं दारात आले. शेडातले पंखे फिरत होते. आतल्या पाखरांना बाहेरचं काही टाकायचं न्हाई, असा नियम आहे. मूठ भरलेली होती आणि अंगण झाडलेलं होतं.