काळ्या तलवारीचा नर

"घ्या ना कुदा, घेऊनच जा की!" असं म्हणत आमच्या मोठ्या दिरांनी माशांच्या टाकीच्या काचेवर बोटानं टकटक केली. मी तळलेल्या पिठाच्या बोर्सोकांचं ताट घेऊन दारातच उभी राहिले आणि आधी बुरुल एजेच्या तोंडाकडे बघितलं. ती चहा ओतत होती. मानाच्या पाहुण्याला द्यायचा तसा अर्धाच कप भरून तिनं किटली खाली ठेवली, पण हात दांड्यावरून काढला नाही.

कुदा म्हणजे व्याही; ते टाकीसमोर वाकून उभे होते. मेंढीचं डोकं त्यांच्यापुढं ठेवून झालं होतं, शोरबा पिऊन झाला होता, चेहरा तुपासारखा चकाकत होता.

"काय शेपूट आहे हो! अगदी तलवार! आमच्या लग्नाच्या हॉलमधल्या टाकीत हा नुसता फिरला ना, तरी लग्नाला आलेली माणसं नवरीला सोडून यालाच बघत बसतील."

"मग झालं तर! तुमची नजर पडली, मासा तुमचा झाला."

आमच्यात हे असंच चालतं. पाहुण्यानं घरातल्या वस्तूचं कौतुक केलं की ती वस्तू त्याची. टोपी असो, खोगीर असो, भिंतीवरचं घड्याळ असो. आणि पाहुणा व्याही असला तर विचारायलाच नको. पण टोपी दुसरी शिवता येते. आणि स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढून द्यावी, बायकोच्या डोक्यावरची नव्हे! आमच्या मोठ्या दिरांनी जन्मात कधी त्या टाकीतलं भांडंभर पाणी बदललेलं नाही, आणि दानशूर व्हायला मात्र सगळ्यांच्या पुढं.

त्यांचं नाव मी घेत नाही. आमच्याकडे सुना सासरच्या मोठ्या माणसांची नावं घेत नाहीत. मी त्यांच्या धाकट्या भावाची बायको, त्याच जिन्यानं एक मजला खाली राहते. बुरुल माझी थोरली जाऊ, पण मी तिला एजे म्हणते, मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. तिनंही तीस वर्षांत नवऱ्याला नावानं हाक मारलेली मी ऐकली नव्हती. "अहो, ऐकलंत का" एवढ्यावरच तिचा सगळा संसार झाला.

"कुदा," एजे शांतपणे म्हणाली, "त्याच्याऐवजी दुसरे देते. चार देते. हा जरा नाजूक आहे."

"नाजूक म्हणून काय झालं? आमच्या घरात नाजूक गोष्टी जपतात." व्याही हसले. "तुमची जिबेक आहेच की आमच्याकडे."

एजेनं किटलीच्या दांड्यावरून हात काढला. काय बोलणार? जिबेक तिची एकुलती एक मुलगी, लग्न होऊन चार महिने झालेली. पोर ज्यांच्या घरात भांडी घासते, त्यांना नाही कसं म्हणायचं? व्याह्यांनी ते मुद्दाम म्हटलं की सहज, मला आजवर ठरवता आलेलं नाही. सहज म्हटलं असेल तर जास्तच राग येतो.

एजेनं जाळी आणली. तो नर पकडायलाही तिलाच लावलं. तो जाळीत आला तेव्हा तिनं त्याला ओल्या तळहातानं एकदा झाकलं, आणि मग तीन लिटरच्या बरणीत सोडलं. दीर म्हणाले, "बघा, कसा आपणहून आला!" सगळे हसले. मीही हसले असेन. पाहुण्यांसमोर हसावंच लागतं.

आता हा मासा म्हणजे काय, ते सांगायला हवं. नाहीतर एका माशासाठी एवढी आरडाओरड कशाला, असं कुणालाही वाटेल. दिरांनाही तसंच वाटत होतं.

एजे डोक्यावरच्या विजेच्या तारांवर धावणारी ट्रॉलीबस चालवते. एकतीस वर्षं. पहाटे साडेचारला उठायचं, डेपोत जायचं, आणि बर्फात टपावरच्या दांड्या तारेवरून सुटल्या की खाली उतरून, जाड हातमोजे घालून, दोरीनं ओढून त्या परत तारेला लावायच्या. आतले प्रवासी तोवर शिव्या घालतात. घरी यायचं, स्वयंपाक करायचा, आणि मग तासभर टाकीसमोर स्टुलावर बसायचं. हा एक तास तिचा. बाकी सगळे दुसऱ्यांचे.

मासे शेजारच्या याकोबचे. याकोब फ्रीझन, घड्याळं दुरुस्त करणारा जर्मन म्हातारा. त्र्याण्णव साली इथले जर्मन एकेक करून आपल्या मूळ देशी निघून गेले तेव्हा तोही गेला. विमानातून मासे नेता येईनात. लोखंडी पट्ट्यांच्या चौकटीत खिडकीच्या काचा बसवून त्यानं स्वतः केलेली टाकी तो आणि एजे दोघांनी मिळून तिच्या घरी आणली. गडद लाल, स्वोर्डटेल जातीचे, आणि नराच्या शेपटीखालची लांब पट्टी, म्हणजे तलवार, काळीभोर, देठापासून टोकापर्यंत. बाजारात मिळतात त्यांची पिवळी असते, नाहीतर नुसती काठाला काळी. हा वंश म्हाताऱ्यानं वीस वर्षं निवडून निवडून केला होता. जाताना त्यानं एजेला दोन गोष्टी सांगितल्या. मादी कुणाला द्यायची नाही. आणि घाई करणारा नर ठेवायचा नाही.

म्हणजे असं की, काही नरांना चौथ्या महिन्यातच तलवार फुटते. ते तिथंच खुरटतात, आणि त्यांची पिल्लंही खुरटी निघतात. काही मात्र वर्षभर मादीसारखेच दिसतात, वाढत राहतात, आणि मग एके दिवशी शेपटीच्या खालच्या कडेला काळा ठिपका दिसतो. एजे त्या ठिपक्याची वाट बघायची. घाई करणारे नर जिन्यातल्या पोरांना वाटून टाकायची.

गेल्या वर्षी जुनी जोडी गेली. शेवटच्या विणीत पिल्लं थोडीच निघाली. त्यातल्या पाच माद्या तिनं लहानपणीच वेगळ्या काढून स्वयंपाकघरातल्या टाकीत ठेवल्या, कुठल्याही नराची सावली पडू न देता. आणि बाहेरच्या टाकीत, घाई करणाऱ्या चार-पाच नरांत, हा एक खरा नर. चौदा महिने तिनं त्याची वाट बघितली. येत्या रविवारी, सुट्टीच्या दिवशी, ती त्याला माद्यांत सोडणार होती. तिनं मला दोनदा सांगितलं होतं, "मायरम, रविवारी वर ये हं. बघायला ये." वंश एवढाच उरला होता, पाच माद्या आणि एक नर, आणि तो नर आता बरणीत बसून लग्नाच्या हॉलकडे निघाला होता.

व्याही गेल्यावर एजेनं भांडी घासली. मी पुसत होते.

"भांड ना त्यांच्याशी!" मी म्हणाले.

"कशासाठी? गेला ना तो."

"म्हणून गप्प बसायचं?"

"उद्या पहिली पाळी आहे मला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती कामावर असताना मी वर गेले. दीर टीव्ही बघत होते. धाकट्या भावजयीनं मोठ्या दिरासमोर आवाज चढवायचा नसतो, तो मी चढवला. मी म्हणाले, "तुम्हाला काही वाटतं का? तीस वर्षं सांभाळलेली वस्तू दिलीत उचलून!"

"अगं, मासा तो. टाकीत अजून आहेत की."

"ते जिन्यातल्या पोरांना वाटायचे. खरा तोच होता!"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चिनी भाषेत बोलतेय. खरंच त्यांना ठाऊक नव्हतं. एकाच घरात, एकाच भिंतीशी, तीस वर्षं! आणि तेव्हा, रागाच्या भरात, मी जे बोलले ते अजून कुणाला सांगितलेलं नाही. आता सांगून टाकते.

मी म्हणाले, "नुसते बसलात काय? बाजारात जा, तिला नर आणून द्या!"

मला काय कळतं माशांतलं? मला वाटलं, नर तो नर. आणि या माणसानं आयुष्यात एकदाच एका बाईचं ऐकायचं ठरवलं, ते नेमकं माझं.

बुधवारी एजे घरी आली तेव्हा मीही वरच होते, त्यांनीच बोलावलं होतं मला. दीर दाढी करून, धुतलेला शर्ट घालून उभे. तोंडावर हसू मावेना.

"स्वयंपाकघरात जा," ते म्हणाले. "तुझ्यासाठी काहीतरी आणलंय."

एजे कोट न काढताच आत गेली. टाकीत पाच माद्यांमध्ये तीन नर फिरत होते. केशरी-लाल, पिवळ्या तलवारींचे, बाजारू, दणकट. एक जण एका मादीपुढं उलटा पोहत होता, मागं मागं सरकत, तलवार दाखवत. नर असाच नाचतो.

"तुझ्या एकाच्या बदल्यात तीन!" दीर म्हणाले. "आणि याहून लाल."

एजेनं विचारलं, "कधी सोडलेत?"

"सकाळीच. नऊला."

ती खुर्चीवर बसली. मी म्हणाले, "मग काढून टाकू ना एजे, जाळी आणते." मला अजूनही कळलं नव्हतं.

"काढून काय उपयोग?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "एकदा नर लागला की मादी सहा सहा महिने त्याचीच पिल्लं देते, नर नसला तरी. मग कुणालाही सोड, कुणाची कुठली ते देवालाही कळायचं नाही. संपलं ते."

"काय संपलं?" दीर म्हणाले. "आहेत ना, जिवंत आहेत सगळ्या!"

एजे उठली. तिचा आवाज मोठा नव्हता. डेपोत ड्रायव्हर बायकांना बोलावं लागतं तसा सरळ होता.

"तोक्तोसुन," ती म्हणाली.

मी भिंतीला टेकले. हे नाव त्या घरात तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते.

"तोक्तोसुन, तीस वर्षं मी त्या स्टुलावर बसते. रोज. तुला एकदाही विचारावंसं वाटलं नाही, बुरुल, तू काय करतेस म्हणून? एकदाही?"

"अगं पण मी तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी काही करू नकोस. व्याह्याला द्यायचं असलं तर तुझं काहीतरी दे. तुझं आहे काय या घरात? टीव्ही आहे. तो दे. उद्या तो माझ्या भिंतीचं कौतुक करील, तर भिंत देशील! पोरीचं शिक्षण एक वर्ष राहिलं असताना तो तिला मागायला आला, तेव्हाही तू 'घ्या की' असंच म्हणाला होतास. तेव्हा मी गप्प बसले. माझीच चूक झाली."

 दीर बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. टीव्ही लावला नाही. मला त्यांची कीव आली असती, पण मला माझाच इतका राग येत होता की त्यात दुसऱ्या कशाला जागा नव्हती. एजेला मी ते सांगितलं नाही. त्यांनीही माझं नाव सांगितलं नाही, एवढं मात्र त्यांच्या बाजूनं म्हणायला हवं.

ते तीन नर, आणि बाहेरच्या टाकीतले घाई करणारेही, एजेनं त्याच संध्याकाळी जिन्यातल्या पोरांना देऊन टाकले. माद्यांना नेहमीसारख्या लाल अळ्या घातल्या. "त्यांचा काय दोष?" म्हणाली.

शुक्रवारी दुपारी जिबेक आली. डोक्याला सुनेचा रुमाल, गाल थंडीनं लाल, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, आणि पोट पुढं आलेलं. मला वाटलं, चार महिन्यांत एवढं? तिनं बटणं काढली. आत शालीत गुंडाळलेली लोणच्याची बरणी होती. बरणीत तो.

"आई, बघ," ती धापा टाकत म्हणाली. "सगळा रस्ता अंगाशी धरून आणलाय. पाणी थंड नाही झालं."

काळी तलवार होती तशीच होती. पाठीवरचा पंख मात्र एका जागी फाटला होता.

"तिथं हाताएवढे मासे आहेत गं, त्यांनी पहिल्याच दिवशी ओढाताण केली. मी काढून स्वयंपाकघरात लपवला. सासऱ्यांना सांगितलं, मेला, फेकून दिला. तर म्हणतात, नाजूकच होता. बस. परत विचारलंसुद्धा नाही." ती हसायला लागली. "कळलं तर मला बोलून बोलून सोलून काढतील. पण मला माहितीये ना, तू किती दिवस थांबली होतीस. रविवार चुकायला नको म्हटलं."

मी तोंड उघडलं. एजेनं माझ्याकडे नुसतं बघितलं. मी मिटलं.

"वेळेवर आणलास," ती पोरीला म्हणाली. "अगदी वेळेवर." तिनं जिबेकचे गार हात आपल्या हातात घेतले आणि चोळत राहिली.

जिबेक स्वयंपाकघरातल्या टाकीपाशी जाऊन वाकली. "कशा टपोऱ्या झाल्यात गं! वाटच बघतायत त्याची." दीर दारात उभे होते. त्यांनी मान फिरवली आणि जिन्यात निघून गेले, घरातल्या चपलांवरच, त्या थंडीत.

पोरीनं उभ्या उभ्या चहा घेतला. सासूला बाजारात जाऊन येते म्हणून सांगून आली होती, म्हणून एजेनं घरातलेच गाजर-कांदे तिच्या पिशवीत भरून दिले.

रविवारी मी वर गेले. बोलावणं तसं आधीचंच होतं. एजे बाहेरच्या खोलीत स्टुलावर बसली होती. याकोबच्या मोठ्या टाकीत तो एकटाच होता. काचेत त्याला आपलंच रूप दिसत होतं, आणि त्याच्यापुढं तो उलटा पोहत होता, मागं मागं, तलवार ताणून.

फोन वाजला. जिबेकचा आवाज मलाही ऐकू आला.

"आई, सोडलास?"

"सोडला."

"मग? माद्या काय म्हणतायत?"

"लाजतायत," एजे म्हणाली.

पोर पलीकडे खळखळून हसली. मागून कुणीतरी तिला हाक मारली तसा फोन बंद झाला. एजेनं बाहीनं काच पुसली, आणि टाकीच्या दिव्याचं बटण बंद करायला उठली.