स्टुटगार्टच्या डब्यातली चिनी शेवंती

मी एक जुनी, सुकलेली शेवंती आहे. वेणीतली नव्हे आणि देवावरची तर नव्हेच. मी चीनमधली औषधी शेवंती. स्टुटगार्टमध्ये चढावरच्या एका इमारतीत, चौथ्या मजल्यावर, पत्र्याच्या डब्यात मी दीड वर्ष काढलं. मित्रांनो, या दीड वर्षात माणसांविषयी माझं जे मत झालं ते फारसं चांगलं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म हांगचौजवळच्या शेतातला. पांढऱ्या पाकळ्या, मधे पिवळी टिकली. मला हाताने खुडलं, वाफेवर धरलं आणि चपटी होईपर्यंत वाळवलं. ओल राहून बुरशी धरू नये म्हणून एक म्हातारी आम्हाला पुन्हा पुन्हा उलटायची. माझी एवढी कदर पुढे कुणी केली नाही. तिथले वैद्य मला थंड मानतात. यकृतातली उष्णता चढली की डोळे लाल होतात, असं त्यांचं शास्त्र सांगतं, आणि ती उतरवायला मी. पण तो वैद्य आधी जीभ बघतो, दोन्ही मनगटांची नाडी बघतो, पोट कसं आहे विचारतो. मग मला आणखी चार वनस्पतींबरोबर पुडीत बांधतो. कित्येकांना "तुला ही नको" म्हणून परतही पाठवतो.

इथे जीभ कोण बघतंय! इथे मोबाइल बघतात.

मला मुक्ताने आणलं. मुक्ता शिकलेली, चार वर्षांच्या ईप्सिताची आई. मुलीला शिंक आली तरी थर्मामीटर काढणारी. सुकन्या नावाच्या मैत्रिणीने तिला माझ्यावरचा एक व्हिडिओ पाठवला आणि ही बाई लगेच चिनी दुकानात हजर. लॅपटॉपने थकलेल्या डोळ्यांसाठी ती रोज दुपारी मला गरम पाण्यात घालून प्यायची. चहा म्हणून मी वाईट नाही. तेवढ्यावर ती थांबली असती तर माझी तक्रार नव्हती. पण घरी येईल त्याला ती सांगत सुटली, "डोळ्यांसाठी एकदम बेस्ट हं, काहीही होऊ दे!" पाहुणे माना डोलवायचे. नवरा कपिल "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणायचा. हा मोटारींचा इंजिनिअर! गाडीत कुठल्या दर्जाचं तेल घालायचं यावर तासभर बोलेल, पण घरातल्या डब्यात काय आहे हे त्याने एकदाही झाकण उघडून पाहिलं नाही.

ऑक्टोबरात मुक्ताच्या सासूबाई, अहिल्याबाई, साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आल्या. सुनेच्या तोंडून माझी स्तुती त्यांनी रोज ऐकली. एके दिवशी त्यांना डब्याचा तळ दिसला. कुणाला न विचारता त्या खाली गेल्या, एक कुंडी घेऊन आल्या, तिची फुलं खुडून खोलीतल्या हीटरवर वाळवली आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रात्री माझ्या डोक्यावर ओतली.

ती फुलं म्हणजे काय सांगू! पिवळीजर्द, फुगीर, औषध मारून टवटवीत ठेवलेली. जर्मनीत नोव्हेंबरच्या तोंडावर अशा कुंड्या घेतात त्या थडग्यांवर ठेवायला. त्यांना कुणी पिण्यासाठी वाढवलेलंच नव्हतं. अंगाला कसला तरी तिखट वास. आणि यांना म्हणे माझ्या पंगतीला बसवायचं!

एक नोव्हेंबरला इथे सुट्टी असते. त्या दिवशी सकाळी ईप्सिता उठली ती डावा डोळा घट्ट मिटूनच. उजेड दिसला की रडायची. "आउआ! तूट वेह!" दुखतंय, दुखतंय, एवढंच.

"आज सगळे डॉक्टर बंद," कपिल म्हणाला. "आल्झो, म्हणजे, उद्या बघू ना."

"उद्या कशाला? तुझं ते फूल आहे की," अहिल्याबाई मुक्ताला म्हणाल्या. "उकळ, कापूस भिजव, ठेव डोळ्यावर. तूच सांगतेस ना, काहीही होऊ दे म्हणून?"

शब्द मुक्ताचेच. तिने आम्हाला उकळलं, पाणी वाटीत निवत ठेवलं, बोळा भिजवला. ईप्सिताला मांडीवर घेतलं. माझी अवस्था काय झाली असेल, विचार करा. वाटीत मी, शेजारी ती फवारलेली टोळी, आणि समोर चार वर्षांचा मिटलेला डोळा.

बोळा पापणीपाशी आला आणि थांबला. मुक्ताची नजर वाटीकडे गेली होती.

"आई, हे पिवळं काय आहे? माझी फुलं पांढरी आहेत."

"अगं, शेवंतीच. खाली त्या मोठ्या फाटकापाशी कुंड्या विकायला मांडल्या होत्या ना, तिथली. संपत आली होती, म्हटलं भर घालावी."

"ते कबरस्तानाचं फाटक आहे, आई! त्या फुलांवर औषधं मारतात. पोटात घ्यायची नसतात ती!"

"बरं बाई. पण तुझं चिनी फूल डोळ्यात घातलेलं चालतं, मग माझ्या शेवंतीनेच काय घोडं मारलंय?"

त्या घरात दीड वर्षात मी ऐकलेला हा एकच शहाणा प्रश्न. आणि तोही रागाने विचारलेला! मुक्ताने बोळा वाटीत टाकला, फोन उचलला, सुट्टीच्या दिवशी चालू असलेल्या नेत्ररुग्णालयाचा पत्ता विचारला आणि कपिलला म्हणाली, "उद्या नाही. आत्ता. गाडी काढ."

तीन तासांनी ते परतले. ईप्सिताच्या डोळ्यावर पट्टी होती आणि ती आजीला ऐटीत सांगत होती, "आइन क्लाइनर श्टाइन, आजी!" बारीकसा खडा. खेळायच्या मैदानावरच्या वाळूतला, वरच्या पापणीच्या आत रुतलेला. डॉक्टरांनी पापणी उलटून क्षणात काढला. पण तोवर खड्याने बुबुळावर ओरखडा काढला होता.

"आणखी एक दिवस थांबलो असतो तर जखम चिघळली असती, डॉक्टर म्हणाल्या," मुक्ता हळूच म्हणाली. "नजरेवर गेलं असतं, आई."

अहिल्याबाईंनी नातीला जवळ घेतलं. मग त्यांनीच उठून डब्यातलं सगळं, पिवळं आणि पांढरं, कचऱ्याच्या कागदी पिशवीत ओतलं.

मला राग आला नाही. मित्रांनो, मी उष्णता उतरवते असं लोक हजारो वर्षं म्हणत आले आहेत, उतरवतही असेन. पण मला हात नाहीत. मला पापणी उलटता येत नाही. मला खुशाल प्या, आवडत असेन तर. मात्र लहान मूल डोळा उघडत नसेल, तेव्हा माझ्याकडे पाहू नका. त्या मुलाकडे पाहा, आणि त्याला उचलून निघा.