दहा सेकंदांचा चष्मा

जावयाने शिंपीणमावशीच्या लॅपटॉपवर मूळच्या ऑपरेटिंग सिस्टीमशेजारी दुसरी आणून बसवली, तेव्हापासून मावशीच्या तोंडाचा पट्टा असा सुटला, की त्या वाऱ्याने समोरच्यांचे कपडे वाळू लागले. लॅपटॉप रोज सुरू होताना विचारी, 'दोघींपैकी कोणती उघडू?' आणि दहा सेकंद वाट पाही.

"ही सवत काढ, माझी मूळची तेवढी ठेव," मावशीने भाचीला फर्मावलं.

"पण गिऱ्हाइकांची मापं कुठल्या सिस्टीममध्ये आहेत? पुसली तर परत यायची नाहीत हं!"

"मूळच्या. सवतीचं मी तोंडही पाहत नाही."

भाचीने आधी उघडून पाहिलं, तर मूळची रिकामी आणि चारशे जणींची मापं सवतीच्या घरात! मावशी कपाळावरचा चष्मा घरभर शोधेपर्यंत दहा सेकंद सरत आणि लॅपटॉप आपणहून सवतीलाच उघडी.

भाचीने मापं हलवली, मगच सवत पुसली. लॅपटॉप काही न विचारता उघडला.

मावशीने पडदा न्याहाळला. "ही कोण भवानी? माझी मूळची कुठे घालवलीस?"

"अगं मावशी, हीच मूळची!"

"मग सवतच आण परत. दोन वर्षं भांडून भांडून सवय झालीय तिची!"