सुगडाचा राखणदार

आमच्या सोनियानं घरात समुद्र आणलाय, असं अंबूबाई शेजारपाजारी सांगत सुटायची. समुद्र म्हणजे साताऱ्याच्या दोन खोल्यांतली एक काचेची टाकी. मापून मीठ घातलेलं पाणी आणि त्यात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली क्लाउनफिशची जोडी. मादी दांडगी, नर तिच्या निम्मा. माणदेशातल्या उघड्या रानात मेंढरांमागं उभा जन्म गेलेल्या अंबूबाईला सुनेचं हे खूळ आधी पटलं नव्हतं. पण सोनिया दिवसातून तीनदा पाणी तपासायची, पिल्लांच्या चाऱ्यासाठी बाटल्यांतून डोळ्यांना न दिसणारे किडे वाढवायची. ते बघून सासूची जीभ आपोआप आवरली. जितराबाचं मनापासून करणारं माणूस तिला चटकन ओळखू यायचं.

दोन खेपा वाया गेल्या होत्या. एकदा वीज गेली, तर एकदा पिल्लं तिसऱ्या दिवशी मेली. तेव्हा सोनिया दोन दिवस धड जेवली नव्हती. आता तिसऱ्यांदा, टाकीत आडव्या ठेवलेल्या संक्रांतीच्या सुगडावर मादीनं अंडी घातली होती. केशरी, तिळाएवढी, शे-दोनशे तरी असतील.

चौथ्या दिवशी नेमका सोनियाच्या धाकट्या बहिणीचा, अपेक्षाचा साखरपुडा आला. "आत्या, फक्त चारा टाका. पाण्यात हात नका घालू," एवढं बजावून सोनिया कोरेगावला गेली.

अंबूबाई टाकीपुढं पाट टाकून बसली. आणि बघते तर काय, नर सारखा सुगडाकडं जातोय आणि अंड्यांना तोंड लावतोय. एकदा, दोनदा, दहादा. मादी आपली पलीकडं खुशाल फिरतेय.

"खातंय की मेलं!" अंबूबाई पाटावरनं उठली. मेंढी व्याली की मेंढ्याला कोकराजवळ फिरकू द्यायचं नाही, हे ती परकरात होती तेव्हापासून शिकलेली. पाण्यात हात घालायचा नव्हता. गाळणीचं कुठं कोण काय बोललं होतं? तिनं चहाची गाळणी धुतली, नराला अलगद उचललं आणि टाकीतलंच पाणी घेऊन पातेल्यात सोडलं. मोठी कामगिरी केल्यागत ती भाकऱ्या थापायला गेली.

दुपार कलली तेव्हा काही अंडी पांढरी पडली होती.

आपल्याच हातानं हे झालं, हे तिला लगेच उमगलं. नराला गुपचूप परत सोडून ती गप्प बसली असती, तर कुणाला पत्ता लागला नसता. पण दुसऱ्याचं जितराब घालवून वर खोटं बोलायचं, ही तिच्या घराण्याची रीत नव्हती. तिनं फोन लावला.

"सोनिया, म्या लय घोळ घातला बघ," म्हणत तिनं सगळं सांगितलं.

पलीकडं साखरपुड्याचा गलका. सोनिया फोन घेऊन बाजूला गेली. मग म्हणाली, "आत्या, तो खात नाही ओ. तोंडानं अंडी धुतो, पंखांनी वारा घालतो. ह्यांच्यात अंडी सांभाळणं बापाचंच काम असतंय. आधी त्याला सोडा."

पोर रागावली असती तर बरं वाटलं असतं. अंबूबाईनं नराला सोडलं, पण तो बिथरून कोपऱ्यात जाऊन बसला. सुगडाकडं ढुंकूनही बघेना. मग तिनं पदर खोचला, डाव धुऊन पाण्यात घातला आणि अंड्यांवरचं पाणी हळूहळू हलवत राहिली. अर्धा तास झाला. खांदा भरून आला.

"ये की रं बाबा. चुकलं माझं."

तेवढ्यात बोटाला काहीतरी डसलं.

"आगं बया! चावला की मला!" ती हरखून ओरडली. हात बाहेर काढते तोवर त्यानं आणखी एकदा चावा घेतला. एवढासा जीव, पण तिला हुसकावून लावल्याशिवाय थांबला नाही. मग त्यानं पांढरी पडलेली अंडी एकेक करून वेचून काढली आणि उरलेल्यांवर पंख हलवायला लागला. दिवे लागले तरी तो हलवतच होता. अंबूबाईची तिन्ही बाळंतपणं वाटेवर झाली होती, आणि तिन्ही वेळा नवरा मेंढरं घेऊन पुढं गेलेला. तिनं कधी तक्रार केली नाही. गडी माणूस असाच असायचा, असं ती धरून चालली होती. बाप असाही असतो, हे तिला साठी उलटल्यावर कळलं. तिला त्या माशाचं फार फार कौतुक वाटलं.

नवव्या दिवशी संध्याकाळी सोनियानं टाकीचा दिवा मालवला, अंडी अंधारातच फुटतात म्हणून. तासाभरानं विजेरीच्या उजेडात केसाएवढी चकचकीत पिल्लं वर आली. वाटीवाटीनं ती काळ्या टबात काढताना सोनियाचे डोळे वाहत होते. "शंभराच्या वर आहेत, आत्या!" म्हणत ती किड्यांची बाटली आणायला धावली.

अंबूबाईनं टाकीचा दिवा लावला. नर अजून रिकाम्या सुगडापुढंच होता, पंख हलवत.

"बस की आता, गड्या. दमलास," ती काचेला तोंड लावून म्हणाली. मग बाटली घेऊन आलेल्या सुनेला तिनं दटावलं, "त्यास्नी मागनं. आधी ह्याला खायाला घाल. बाळंतिणीला पयलं वाढत्यात."