राजमुद्रा देऊन टाकलेला राजा

विठ्ठलराव गुरुजींनी आयुष्यात एकच नाटक लिहिलं आणि त्यातला राजा मी झालो होतो. मी जलाल, यवतमाळकडच्या नेरच्या बसस्टँडसमोरचा टेलर. सातवीपर्यंत गुरुजींच्या हाताखाली शिकलो. १९६१ च्या पावसाळ्यात एक दिवस ते दुकानात आले, मशीनवर वही ठेवली आणि म्हणाले, "शाळेच्या गॅदरिंगसाठी आहे. कपडे तूच शिव आणि गोविंदराजाचं कामही तूच कर."

"गुरुजी, मले कोन राजा म्हनंल?"

"हाही फार दिवस राजा नव्हता," ते म्हणाले आणि बाकावर बसून मला त्याची हकीकत सांगू लागले.

बाराशे वर्षांपूर्वी आपला हा मुलूखही राष्ट्रकूटांकडे होता. वेरूळचं कैलास लेणं ज्याच्या नावावर सांगतात, त्या कृष्णराजाचा गोविंद हा थोरला मुलगा. युवराज असताना तो आंध्रातल्या वेंगीवर चालून गेला, तिथल्या राजाला नमवून आला. भित्रा नव्हता. पण गादीवर बसल्यावर त्याचं मन कारभारातून उडालं आणि सगळं त्यानं धाकट्या भावावर, ध्रुवावर सोपवलं. ध्रुव कर्तबगार होता. आधी भावाच्या नावानं हुकूम काढायचा, मग स्वतःच्या नावानं काढू लागला. गोविंदाला जाग आली तेव्हा उशीर झाला होता. कांची, माळवा, सगळीकडे त्यानं मदत मागितली. ज्या वेंगीला हरवलं होतं तिच्याही दारात माणसं धाडली. लढाई झाली आणि तो हरला.

"मंग त्याचं काय झालं?"

"कुठंच लिहिलेलं नाही," गुरुजी म्हणाले. "पुढचे ताम्रपट ध्रुवाचे. भावाचं काय केलं ते त्यात सांगत नाहीत."

गुरुजींचं गाव नेरपासून कोसभर. वडील गेल्यावर जमीन आणि मोठेपण थोरले म्हणून त्यांच्याकडे आलं. पण बावन्न साली त्यांच्या पत्नी मैनाबाई बाळंतपणात गेल्या, बाळही गेलं. तेव्हापासून गुरुजी शेताकडे फिरकले नाहीत. धाकटे भाऊ बबनराव जो कागद पुढे करतील त्यावर सही करायचे. बबनराव वाईट नव्हते. त्यांनी विहीर बांधली, गावाला रस्ता आणला, सरपंच झाले.

त्यांच्या वडिलांकडे, म्हाताऱ्या पाटलांकडे, उकंडा नावाचा कोलाम आदिवासी सालदार होता, वर्षाच्या बोलीवरचा गडी. तो शेतातच साप चावून मेला, तेव्हा म्हाताऱ्या पाटलांनी चार लोकांसमोर सांगितलं की नाल्याकाठचे दोन एकर त्याच्या बायकोचे, तानाबाईचे. कागद झाला नाही, पण ती ते कसत होती. साठ साली बबनरावांनी ती जागा संत्र्याच्या बागेत घेतली. तानाबाई रडत गुरुजींकडे आली. गुरुजी भावाकडे गेले.

"दादा, कागदावर सही तुमचीच हाय," बबनराव म्हणाले आणि त्यांनी कागद दाखवला. सही खरंच गुरुजींची होती. न वाचता केलेली. तानाबाई राजूरला गेली. तिथल्या कोळशाच्या खाणीत तिचा मुलगा कामाला होता.

हे सगळं मला ठाऊक होतं. म्हणून ध्रुवाचं काम बबनराव करणार असं ऐकलं तेव्हा माझ्या हातातली कात्री थांबली. पण त्यांचा आवाज खणखणीत, त्यांना नाटकाची हौस, आणि त्यांनी स्वतःच मागून घेतलं होतं. गुरुजी नाही म्हणाले नाहीत.

कापूस यायला वेळ होता, तेव्हा सरकी काढायच्या जिनाच्या रिकाम्या शेडमध्ये आम्ही रविवारी दुपारी तालमी करायचो. बबनरावांना पंचायतीची कामं असत. ते यायचे, आपल्या वाक्यांपुरतं बोलायचे आणि सायकलवर टांग मारून निघून जायचे. पूर्ण नाटक त्यांनी कधी ऐकलंच नाही.

डिसेंबरात गॅदरिंग झालं. दुपारचं ऊन, शाळेच्या मैदानात मांडव, दोन्ही गावची माणसं. तिसऱ्या अंकात एक म्हातारी गोविंदराजाकडे येते. ते काम शाळेतल्या विमलताईंकडे होतं. त्या माझ्या पायाशी बसून म्हणाल्या, "महाराज, तुमच्या वडिलांनी दिलेलं शेत काढून घेतलं. मी कुणाकडे जाऊ?"

मी म्हणालो, "आजी, राजमुद्रा माझ्याकडे नाही. ध्रुवाकडे जा."

मांडवात कुजबुज झाली. मग एकेक मान विंगेकडे वळली. तिथे ध्रुवाच्या पोशाखात बबनराव उभे होते. पुढचा प्रवेश त्यांचाच होता. ते आले, माझ्याकडे पाहिलं, पण वाक्य बोलले नाहीत. पुढच्या रांगेत गुरुजी बसले होते, त्यांच्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "दादा, मले गावासमोर चोर ठरवासाठी केलं हे?"

डोक्यावरचा मुकुट काढून त्यांनी जमिनीवर ठेवला आणि ते मांडवातून निघून गेले. नाटक तिथंच थांबलं. शेवटचा प्रवेश झालाच नाही.

चार दिवसांनी गुरुजी दुकानात आले. मी म्हटलं, "तुमी त्यायले समजावून सांगा ना."

"काय सांगू? ती म्हातारी गोविंदाकडे आली होती, जलाल. न्याय करायचं काम त्याचं होतं. ते त्यानं देऊन टाकलं आणि मग म्हणाला, माझ्याकडे नाही. मी त्या राजावर लिहिलं."

"हेच सांगा त्यायले."

"सांगून काय होणार? तिचं शेत तर गेलंच," गुरुजी म्हणाले आणि उठले.

पुढच्या वर्षी त्यांनी पुसदला बदली मागून घेतली. भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. चौसष्टच्या फेब्रुवारीत न्यूमोनियानं गुरुजी गेले. बबनराव तार मिळताच निघाले, पण पोचले तेव्हा फक्त अग्नी द्यायचं उरलं होतं.

तेराव्यानंतर ते माझ्याकडे आले. डोकं भादरलेलं, चेहरा उतरलेला. "ते वही तुह्याजवळ हाय काय?" मी काढून दिली. बाकावर बसून त्यांनी ती पहिल्यापासून वाचली. शेवटच्या प्रवेशात कैदेतला गोविंदराज एकटाच बोलतो: "ध्रुवा, लोक म्हणतील तू घेतलंस. खरं तर मी दिलं. तुझ्या हातून जे झालं, त्यात माझाही हात आहे." ते पान त्यांनी दोनदा वाचलं.

"हे मले कोनी सांगतलं नाही," ते म्हणाले.

"तुमी थांबलेच नाही, बबनराव."

आठवड्यानं आम्ही दोघं बसनं राजूरला गेलो. एकट्यानं जायची त्यांची हिंमत नव्हती. खाणीच्या मजुरांच्या वस्तीत तानाबाई दारात बसली होती. तिला आता नीट दिसत नव्हतं. बबनराव तिच्यासमोर खाली बसले. "तानाबाई, नाल्याकाठचं वावर तुह्या नावानं करून देतो."

तिनं आवाज ओळखला. मग तिनं विचारलं, "गुरुजी नाही आले?"

बबनरावांनी माझ्याकडे पाहिलं. गुरुजी गेल्याचं मी सांगितलं. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"आता मले वावर कायले, पाटील?" ती शेवटी म्हणाली. "पोरगा खदानीत, माह्यानं चालनं होत नाही. उकंड्याले तिथंच पुरलं होतं, म्हनून पाह्यजे होतं मले ते. तुमी तिथं झाडं लावले."

"जागा दाखवशील? मी झाडं काढतो."

"नांगर फिरला ना. आता कुठं सापडते."

परतीच्या बसमध्ये बबनराव खिडकीबाहेर पाहत होते. यवतमाळ जवळ आल्यावर ते एवढंच म्हणाले, "दादानं मले कधी एक शब्द वाकडा बोलला नाही, जलाल. बोलला असता तर बरं झालं असतं."

त्यांनी कागद तानाबाईच्या नावानं करून दिला. ती आली नाही. दोन वर्षांनी राजूरलाच वारली. नाल्याकाठच्या झाडांचं पाणी बबनरावांनी तोडलं, झाडं वाळून गेली. ते दोन एकर पडीतच आहेत. तिथं ते कुणाला नांगर घालू देत नाहीत.